स्किझोफ्रेनियाच्या पेशंटची बिडी सोडवायची की नाही?

रानवारा: काल इथे एकाने लिहिलं, "आजाराने पिचलेला माणूस, त्याची तेवढीच एक बिडी. ती कशाला हिसकावता?" रात्रभर डोक्यात तेच. माझ्या दादाला २१ वर्षं स्किझोफ्रेनिया होता. दिवसाला दोन बंडलं. बोटं पिवळी, बनियनला ठिणग्यांची भोकं. गेला हार्ट अटॅकने, ५२व्या वर्षी. हे पेशंट इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, बरेचसे हृदय-फुफ्फुसाच्या आजाराने. "सोडायची का रे?" असं दादाला कुणी विचारलंसुद्धा नाही.

आईची_लेक: दादांचं वाईट वाटलं. पण सांभाळतो आम्ही. आईची बिडी बंद केली, आठवड्यात ती जेवता जेवता ताटावर पेंगायला लागली. लाळेने उशी ओली. शेवटी मीच बंडल आणून दिलं.

रानवारा: क्लोझापिन होतं का, स्किझोफ्रेनियावरचं औषध? धुरामुळे यकृत ते औषध भराभर संपवतं. धूर थांबला की तोच डोस रक्तात चढतो. डॉक्टरांना सांगून डोस उतरवायला हवा होता.

आईची_लेक: हो, क्लोझापिनच. कुणी बोललं नाही आम्हाला.

घाटमाथा: बोलतील कशाला? भावाच्या वॉर्डात अंघोळ केली की एक बिडी, फरशी पुसली की दोन. सवय तिथेच लागली त्याला!

कडकलक्ष्मी: सगळे धुराच्याच मागे. आमच्याकडे मशेरी, तंबाखू-चुना. गुटखा २०१२पासून बंद, टपरीवर मात्र मागाल तेवढा. त्यावर बोला ना.

रानवारा: चघळण्याने क्लोझापिन असं खालीवर होत नाही, ते धुराचं काम. तोंडाचा कॅन्सर होतोच. पण विषय बिडीचा आहे.

कडकलक्ष्मी: विषय तुम्ही ठरवणार? माझ्या काकांचा जबडा काढलाय.

घाटमाथा: आणि त्या सोडवायच्या गोळ्यांनी डोकं आणखी फिरतं म्हणतात.

रानवारा: व्हॅरेनिक्लिनबद्दल तशी भीती होती. २०१६मध्ये ८ हजारांवर लोकांची चाचणी छापून आली, निम्म्यांना मानसिक आजार, पण आटोक्यातला. नुसत्या खोट्या गोळीपेक्षा तसा त्रास फारसा वाढला नाही.

घाटमाथा: आटोक्यातला ना? माझा भाऊ त्यात बसत नाही. बाकी मान्य.

आईची_लेक: सोमवारी ओपीडी आहे, डोसचं विचारते. पण डोस तोच ठेवून "बंद करा" म्हणाले, तर बंडल मीच आणणार. ती लाळ मी पुसलीय, तुम्ही नाही.