डेलीत (टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये) सगळे "चालू आहे" म्हणतात, अडलेलं काम नवव्या दिवशी कळतं. काय बदलावं?

प्रश्न (नवा_लीड)
९ जणांची सॉफ्टवेअर टीम, २ आठवड्यांचे स्प्रिंट (ठरलेलं काम संपवायचे टप्पे). डेली १५ मिनिटांत आटोपते आणि सगळ्यांचं उत्तर एकच: "चालू आहे, होऊन जाईल." मग नवव्या दिवशी समजतं की दुसऱ्या टीमचा एपीआय (आमचा प्रोग्राम त्यांच्या प्रोग्रामला जोडणारा भाग) आलेलाच नाही. माणसं मेहनती आहेत. तरी वेळेवर का सांगत नाहीत? न खडसावता हे कसं बदलायचं?

उत्तर १ (कोरा_बोर्ड)
मागच्या वेळी कोणी अडचण सांगितली तेव्हा पहिल्या अर्ध्या मिनिटात तुम्ही काय बोललात, ते आठवा. उरलेले आठजण तेच ऐकत होते.

संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषध देण्याच्या चुकांचा अभ्यास केला (१९९६). चांगलं नेतृत्व असलेल्या टीमांत चुकांच्या नोंदी जास्त निघाल्या, कारण तिथली माणसं चुका उघडपणे सांगत होती. म्हणजे तुमच्या कामांच्या बोर्डावर लाल (अडलेल्या कामांची) कार्डं वाढली तर पहिले दोन-तीन स्प्रिंट ते चांगलं लक्षण समजा.

"आधी का नाही सांगितलंस?" हे वाक्य चारचौघांत बंद करा. त्या "का"ला माणूस कारणं देतो, माहिती देत नाही. त्याऐवजी: "बरं झालं सांगितलंस. कधीपासून अडलंय? कोणाकडून काय हवंय?"

टक्के विचारू नका. "९० टक्के झालं" हे चार दिवस तसंच राहतं. "काय उरलंय आणि ते कोणावर अवलंबून आहे?" असं विचारलं की एपीआयची गोष्ट तिसऱ्या दिवशीच बाहेर येते. सोबत एक नियम ठेवा: अर्धा दिवस अडलं की चॅनेलवर एक ओळ टाकायची. नियम सगळ्यांनाच असला की सांगणाऱ्याला कमीपणा वाटत नाही.

उत्तर २ (चाचणीवाली)
वरचं सगळं पटतं, पण डेलीत काही गोष्टी कधीच येणार नाहीत. आपल्याकडे ज्युनिअरचं "हो सर" म्हणजे बऱ्याचदा "ऐकलं" एवढंच असतं. म्हणून "जमेल ना?" विचारू नका, "यातला सगळ्यात अवघड भाग कोणता वाटतो?" विचारा.

वन-ऑन-वन (लीडची एकेकाशी वेगळी भेट) दर दोन आठवड्यांनी, प्रत्येकी ३० मिनिटं. ९ जणांचे साडेचार तास होतात, तेवढे द्यायलाच हवेत. त्यात स्टेटस घेऊ नका. "या पंधरवड्यात कोणतं काम दोनदा करावं लागलं?" असा नेमका प्रश्न विचारा आणि नंतर ७-८ सेकंद गप्प राहा; खरं उत्तर बहुधा त्या शांततेनंतर येतं. रेट्रो (स्प्रिंट संपल्यावरची आढावा मीटिंग) इंग्रजीत होत असेल तर इथे तरी समोरच्याला सोयीच्या भाषेत बोलू द्या, मराठी असो वा हिंदी.

हे बिघडतं दोन कारणांनी. ऐन घाईत मीटिंग रद्द होते, किंवा तिथे विश्वासाने सांगितलेलं अप्रेझलमध्ये उगवतं. दुसरं एकदा जरी झालं तरी ती टीम पुन्हा बोलत नाही.

नवा_लीड
आणि सगळं करूनही एखादा लपवतच राहिला तर?

उत्तर ३ (वेळापत्रक)
मग स्पष्ट बोलायचं. समजून घेणं म्हणजे सोडून देणं नव्हे, इथे बरेच लीड गल्लत करतात. त्याच दिवशी, एकट्याला, आणि स्वभावावर न जाता: "सोमवारी एपीआय नसल्याचं तुला माहीत होतं, गुरुवारी सांगितलंस. चाचणीचे तीन दिवस गेले. पुढच्या वेळी त्याच दिवशी सांग. त्यासाठी माझ्याकडून काय हवंय?" मग थांबा. उत्तरात कधी कधी निघतं की एस्टिमेट (कामाच्या वेळेचा अंदाज) त्याला न विचारताच ठरलं होतं. तसं असेल तर ती दुरुस्ती तुमच्याकडे.

रेट्रोत आधी ५ मिनिटं सगळ्यांनी न बोलता चिठ्ठ्या लिहायच्या, वाचायला सुरुवात सगळ्यात नव्या माणसाने करायची, लीडने शेवटी. कृती दोनच घ्या, प्रत्येकीपुढे नाव आणि तारीख. सात-आठ घेतल्या की एकही होत नाही.

अजून एक. क्लायंट कॉलवर आवाज चढला तर उत्तर लीडने द्यायचं: "उशिराची जबाबदारी माझी. नवी तारीख उद्या दुपारपर्यंत कळवतो." कॉल संपल्यावर ज्याचं काम रखडलं त्याला पाच मिनिटांत फोन करा, मेसेज नको.