संगीत नाटकाची पहिली तालीम: तुमची कशी झाली?

गावच्या उत्सवात यंदा ‘सौभद्र’ ठरलंय आणि दिग्दर्शन पुन्हा माझ्या गळ्यात. परवा नारळ फुटणार. त्या निमित्ताने विचारतो: पहिल्या दिवशी तुम्ही पदं गाऊन घेता, की नुसतं वाचन? डहाणूपासून रेडीपर्यंत कोणीही लिहा. सुरुवात माझ्या फजितीपासून.

नऊ वर्षांपूर्वी, रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात, देवळाच्या सभामंडपात. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, ‘होय म्हाराजा’ झालं. महिनाभर खपून मी प्रवेशागणिक हालचाली वहीत आखल्या होत्या, फरशीवर खडूने विंगासुद्धा काढल्या होत्या. ऑर्गनवाले काका पायपेटीवर बसले आणि म्हणाले, “पट्टी कुठची?” म्हणजे कोण कुठल्या सुरात गाणार. मी गप्प. अर्जुन काळी एकमध्ये गाणारा, सुभद्रा काळी पाचमध्ये. तबलजीने एकच तबला आणलेला, तोही काळी एकचा. “आणखी चढवला तर पुडी जाईल,” म्हणजे वरचं कातडं फाटेल, म्हणून त्याने हातोडी खाली ठेवली. दुसरा तबला आणायला स्कूटर गेली ती दीड तासाने परतली.

तेवढ्या वेळात मी दुसरा घोळ घातला. 1882 साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाच्या मूळ संहितेत शंभरावर पदं आहेत. रात्री दहाला पडदा वर गेला तर एकच्या आत संपवायचं, म्हणजे निम्म्याहून जास्त कापणं आलं. ती यादी मी सगळ्यांसमोर वाचली. नारद करणारे निवृत्त मास्तर तेव्हा अडुसष्ट वर्षांचे. त्यांची दोन पदं गेलेली ऐकून त्यांनी वही मिटली, टोपी डोक्यावर ठेवली आणि चपला शोधू लागले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पडवीत जाऊन बसलो. म्हणाले, “काप की. पण आधी ऐकून तरी काप.”

—

कुडाळकडचा आहे. पट्टीचं दुखणं निदान तबला बदलून जातं. आमच्याकडे दशावतारातले एक मुरलेले राजपार्टी, म्हणजे राजाच्या भूमिका करणारे, नट घेतले होते. वाचनाला बसल्यावर त्यांनी वही उघडलीच नाही. “माका प्रसंग सांगा. भाषण माझा मी बघतंय.” आणि काय बोलले! दहा मिनिटं मंडप स्तब्ध. पण समोरची नटी आपल्या वाक्याची वाट बघत उभी, आणि पेटीवाल्याची बोटं पट्ट्यांवर टेकलेली. पदाच्या आधीचं ठरलेलं वाक्य आलं की तो सूर धरणार, आणि ते वाक्य काही येईना. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, त्यांची चूक म्हणावी तरी कशी? शेवटी तह केला: मधलं तुमचं, शेवटचं वाक्य माझं. प्रयोगात दोनदा मोडलाच, तो भाग वेगळा.

—

हर्णै. आमचा नायक बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणून पहिली तालीम जूनमध्येच धरतो. पाऊस असा की पत्र्याखाली गद्य ऐकूच येत नाही, म्हणून पहिल्या दिवशी पदंच. तुमच्या प्रश्नाला आमच्याकडे वरुणराजाच उत्तर देतो. तबल्याची पुडी ओलसर हवेत सारखी उतरते, शेजारी साठचा बल्ब लावून ठेवायचा. त्या दिवशी पेटीची एक पट्टी फुगून खालीच अडकली, सूर थांबेना. वादकाने चिमट्याने ती उचलून धरली आणि उरलेलं पद एका हाताने वाजवलं. भाता मी मारला. दिग्दर्शन म्हणून त्या दिवशी माझ्याकडून तेवढंच झालं.

—

मी श्रीवर्धनची, आणि बाई दिग्दर्शक. पहिल्या तालमीला सगळे पुरुष मला सोडून पेटीवाल्या भाऊंकडे बघत होते. मी सूचना दिली की आधी त्यांची मान हलायची, मग हे जागचे हलायचे. “वहिनी, चहाचं बघता का?” हेही झालं. चहा केला, कप हातात दिले आणि सगळे उभे असतानाच पहिला प्रवेश लावून टाकला.

आमचा कृष्ण नालासोपाऱ्याला असतो, गणपतीच्या आधी चार दिवस येतो. तो व्हिडिओ कॉलवर. बोलताना चालून जातं, पण गायला लागल्यावर त्याची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आमच्याकडे पोचेपर्यंत तबला पुढच्या आवर्तनात. वर वांद्री पत्र्यावर. आता त्याला फक्त वाचायला लावते आणि त्याची पदं माझा मुलगा गुणगुणतो. त्यामुळे माझं मत: पहिल्या दिवशी वाचनच.

—

मालवण. स्पर्धेला करत असाल तर पहिल्या दिवशी घड्याळ लावून वाचा. बाकी सगळं नंतर.

—

धागाकर्ता पुन्हा. काल रात्री तालीम झाली. दोन तबले आधीच मागवले होते, पट्ट्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून नेल्या. मालवणकरांचं ऐकून घड्याळही लावलं. मास्तर आता सत्त्याहत्तरचे, यंदाही नारद तेच. दोन्ही पदं त्यांच्याकडून आधी गाऊन घेतली. दम कमी झालाय, पण गाण्यातल्या जागा अजून तशाच घेतात. दोन्ही मिळून अकरा मिनिटं झाली. एक ठेवलं, एक कापलं. टोपी खुंटीवरच राहिली.