दमट दिवशी रिले सुटतो: जुना रिसीव्हर, फोंडा

फोंड्याहून

मंडळी, नमस्कार.

अमेरिका सोडून फोंड्याला घर केलं तरी मेलिंग लिस्टवरून नाव काढलेलं नाही. आज तुमच्याकडेच मागणं आहे. १९७८ साली तिकडे घेतलेला जपानी बनावटीचा स्टिरिओ रिसीव्हर सामानाबरोबर इथे आणला आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चार वर्षं उत्तम चालला. यंदा मृगाच्या सरी पडल्या आणि तो बिघडला. बटण दाबलं की डायलचे दिवे लागतात, पण थोड्या सेकंदांनी रिलेचं (स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचं) जे 'टक्' व्हायचं ते कधी होतं, कधी नाही. झालंच तर दोन्ही स्पीकरांतून मोहरी तडतडल्यासारखा आवाज येतो, पुन्हा टक्, आणि सगळं बंद. ऊन पडलं की तासभर नीट चालतो. इथल्या एका कारागिराने ट्रान्सफॉर्मर गेला म्हणून सांगितलं, दुसरा म्हणतो सगळे कपॅसिटर बदलू.

गायिका केसरबाई केरकर इथून जवळच्याच केरीच्या. त्यांच्या रेकॉर्डी मी ह्याच यंत्रावर ऐकत आलो आहे. चवथीला मुलं-नातवंडं येतील, त्याआधी तो बोलता व्हावा अशी फार इच्छा आहे. मल्टिमीटर आहे, सोल्डरिंगचा डाग द्यायला येतं.

सॅन होजेहून

काका, नमस्कार.

ट्रान्सफॉर्मर टाकू नका. जळलेला ट्रान्सफॉर्मर ऊन पडल्यावर बरा होत नाही. दोन्ही बाजूंना एकाच वेळी तडतड होते, म्हणजे दोष दोघांच्या सामायिक जागी, पॉवर सप्लायमध्ये असणार. आणि तो दमटपणाबरोबर येतो-जातो, ही तुम्ही सांगितलेली सगळ्यात मोलाची गोष्ट.

उघडण्याआधी मागची पाटी वाचा. '५०/६० हर्ट्झ' असेल तर चिंता नाही. नुसतं '६०' असेल तर गोव्याच्या ५० हर्ट्झवर त्याच व्होल्टेजला गाभ्यातलं चुंबकत्व एक पंचमांशाने वाढतं आणि ट्रान्सफॉर्मर तापून गुणगुणतो. अशा यंत्राला १२० ऐवजी १०० व्होल्ट द्यावेत. तुमचा स्टेप-डाउन २३० चे ११० करत असेल, तर रात्री लाइन २५० वर गेल्यावर तोच १२० देतो. म्हणून एकदा रात्री उशिराही मोजा.

मग सिरीज बोर्ड, म्हणजे यंत्राला वीज एका बल्बमधून द्यायची. १०० वॉटचा तारेचा बल्बच हवा, एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर भडकून मंद झाला तर पुढे जा. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, तिथेच थांबा आणि मला लिहा. फ्यूजही काढून बघा. छापलेल्यापेक्षा जाड फ्यूज किंवा तार कोणी घातली असेल तर आधी बदला.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. प्लग काढल्यावरही मोठ्या फिल्टर कपॅसिटरांत वीज साठलेली राहते. स्क्रूड्रायव्हर लावून ठिणगी पाडू नका. १ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेट केलेल्या वायरींनी अर्धा-एक मिनिट धरा आणि मीटरने खात्री करा. चालू यंत्रात मोजताना काळी वायर चिमट्याने चॅसिसला लावा, एक हात खिशात ठेवा.

मुख्य दोन सप्लाय, प्लस आणि मायनस, जवळपास सारखे दिसायला हवेत. फिल्टर कपॅसिटर सुकले असते तर तडतड नाही, १०० हर्ट्झचा घुमणारा हम आला असता. (तिकडे तोच १२० चा असायचा. ब्रिजमधला, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडांतला, एखादा डायोड तुटला तर तुमच्याकडे ५० चा येईल.) म्हणून माझा संशय पुढच्या रेग्युलेटरवर, म्हणजे व्होल्टेज स्थिर धरणाऱ्या भागावर आहे. झेनरवर (त्यातल्या व्होल्टेज ठरवून देणाऱ्या डायोडवर) व्होल्टेज स्थिर आणि ट्रान्झिस्टरच्या बाहेर चुकीचं, तर ट्रान्झिस्टर. झेनरवरच नाचत असेल, तर झेनर किंवा त्याच्या आसपासची गळती.

ही गळती डोळ्यांनी शोधा. त्या काळच्या जपानी यंत्रांत कपॅसिटर हलू नयेत म्हणून कारखान्यात पिवळट गोंद लावत. वर्षानुवर्षं तापून तो तपकिरी, कडक होतो, हवेतली ओल धरतो, थोडी वीज वाहू देतो आणि खालच्या भागांचे पाय खातो. तपकिरी दिसला की तिथे थांबा.

फोंड्याहून, आठ दिवसांनी

पाटीवर ५०/६० आहे, जीव भांड्यात पडला. बल्ब भडकून मंद झाला. मुख्य सप्लाय +३७.८ आणि −३८.१. पण जिथे १३ व्होल्ट हवेत तिथे ९ ते ११ मध्ये काटा डोलत होता, झेनरवरही तसंच. आणि त्या झेनरच्या अंगावर दोन कपॅसिटरांमधून ओघळलेला तपकिरी गोंद! बांबूची काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दोन संध्याकाळी तो खरवडला. खाली झेनरचा पाय हिरवा होऊन जवळजवळ तुटलेला. शेजारच्या डायोडचाही तसाच.

झेनर, तो डायोड आणि दोन्ही कपॅसिटर बदलले. कपॅसिटर १०५ अंशांचे घेतले. गरम होणाऱ्या रेझिस्टरचे डाग तडकलेले दिसले, तेही नव्याने दिले. आता १३.१, आणि हलत नाही. काल दिवसभर मुसळधार होती, तरी रिले ठरल्या वेळी लागला. सोडवायला धीर दिलात, तुमचे उपकार कसे फेडू?

मडगावहून

भाऊजी, मी भावाच्या नावावरून वाचते आहे. आमच्याकडे कॅमेरे आणि हार्मोनियम ज्या कपाटात असतात तिथे पावसाळाभर एक झिरोचा बल्ब लावून ठेवतो. उबेने बुरशी येत नाही. रिसीव्हर उघड्यावर असेल तर रोज अर्धा तास तरी लावाच, आणि खिडकीच्या बाजूला ठेवू नका. विजा होताना प्लग काढायला विसरू नका.

फोंड्याहून

वहिनी, खिडकीखालीच होता. आज हलवला. एक शंका राहिली: रेकॉर्डी लखलखीत, पण एफएम इथे थोडं बुजल्यासारखं वाटतं. तिकडे तसं नव्हतं.

सॅन होजेहून

तो बिघाड नाही, काका. अमेरिकेत एफएमचं डी-एम्फसिस (प्रक्षेपणात उचललेले वरचे स्वर रिसीव्हरने पुन्हा दाबणं) ७५ मायक्रोसेकंदांचं, भारतात ५०. तुमचा रिसीव्हर वरचे स्वर गरजेपेक्षा जास्त दाबतो. तूर्त ट्रेबल किंचित वाढवा. ट्यूनर बोर्डवरचे दोन छोटे कपॅसिटर बदलून कायमचं होईल, पण ते चवथ झाल्यावर करू. तोवर तो भाग उघडू नका.