मदत हवी आहे: कार्ताझ आणि आंग्र्यांचे दस्तक

सोळाव्या शतकात अरबी समुद्रात गलबत हाकायचं तर पोर्तुगीजांचा कार्ताझ, म्हणजे परवाना, जवळ लागायचा. त्यात जहाजाचं नाव, नाखुदा (जहाजाचा कप्तान), माल, हत्यारं, कुठून कुठे जाणार, सगळं नोंदलेलं. मिरी न्यायला बंदी. मजकूर आणि माल जुळला नाही, की जहाज जप्त. परवान्याची फी किरकोळच. खरा फास पोर्तुगीज बंदरात थांबून भराव्या लागणाऱ्या जकातीचा. पिढ्यान्‌पिढ्या खुल्या असलेल्या समुद्रावर हा हक्क निव्वळ तोफांच्या बळावर लादला होता!

पुढे कान्होजी आंग्रेही स्वतःचे दस्तक, म्हणजे असेच परवाने, देऊ लागले. असा मूळ मोडी दस्तक कुणी वाचलाय का? त्यात माल-हत्यारांची नोंद कार्ताझसारखीच असते का? लिप्यंतर किंवा रुमाल क्रमांक (दफ्तरातल्या कागदांच्या गठ्ठ्याचा क्रमांक) मिळाला तरी फार मदत होईल.