मदत हवी आहे: मोटाउनच्या जुन्या गाण्यांत गिटार नेमकी कोणाची?

नमस्कार मंडळी. साठच्या दशकातल्या सोल संगीताचे, त्यातही डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचे जाणकार इथे असतील तर जरा मदत करा. गाण्यांतले गिटारचे तुकडे उतरवून काढतोय आणि प्रत्येकासमोर वादकाचं नाव लिहायचं आहे. तिथेच गाडी अडली आहे. १९७१ मध्ये मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' हा अल्बम येईपर्यंत मोटाउनच्या कव्हरवर वादकांची नावं छापतच नसत. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं म्हणा, हिंदी सिनेमाच्या तबकड्यांवर गोव्याचे कितीतरी वादक असेच बिननावाचे राहिले.

तीन नावं माहीत आहेत: रॉबर्ट व्हाइट, एडी विलिस, जो मेसिना. बऱ्याचदा तिघेही एकाच गाण्यात असत. 'माय गर्ल' (१९६४) ची सुरुवात व्हाइटची, त्यात वाद नाही. बेसच्या मागून गिटार सा रे ग प ध सां अशी सरळ चढते, चक्क भूप! कॉर्ड बदलली की तोच चढ मध्यमाला सा धरून. तिथे गिटार मोकळी ऐकू येते म्हणून सोपं. पण सुप्रीम्सच्या 'यू कीप मी हँगिन ऑन' (१९६६) मध्ये सुरुवातीलाच एक सूर टकटक वाजत राहतो, तो कोणाचा? आणि तिघांना कानाने वेगळं कसं काढायचं? मला टोन सगळीकडे सारखाच लागतो.

प्रतिसाद १

टोन सारखा लागतो यात तुमच्या कानाचा काही दोष नाही. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या मोटाउनच्या त्या स्टुडिओत गिटार अॅम्पला (गिटारचा आवाज वाढवणाऱ्या यंत्राला) न लावता केबल थेट कन्सोलकडे, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या टेबलाकडे जायची आणि सगळ्यांना आपला आवाज एकाच स्पीकरमधून ऐकू यायचा. म्हणजे अॅम्पचा रंग गेला. उरली गिटार आणि उरला हात.

म्हणून टोन सोडा, कोण काय काम करतोय ते ऐका. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर स्नेअर ड्रमला चिकटून 'चक्' असा कोरडा, वरच्या तारांवरचा फटका ऐकू आला की आधी मेसिनाचं नाव घ्यायचं. त्याची गिटार टेलिकास्टर, माणूस जॅझमधला, टीव्हीच्या वाद्यवृंदात वाजवलेला. विलिस मिसिसिपीचा, अंगात ब्लूज. तारा तळव्याने दाबून अडखळत्या लयीत छोटे तुकडे टाकतो. व्हाइटकडे पोकळ अंगाची गिब्सन एल-५ गिटार, त्यामुळे सूर जाड आणि गोल. कॉर्ड उलगडत जाणं बहुधा त्याचं. अर्थात ही वाटणी काही दगडावरची रेघ नाही, गाण्यागणिक कामं बदलायची.

तुमच्या टकटकीबद्दल: रेडिओवर बातम्यांआधी वाजणाऱ्या तारयंत्राच्या आवाजावरून ती निर्मात्यांनी बेतली होती. सांगून वाजवून घेतलेल्या अशा तुकड्यात हात शोधू नका. त्याच गाण्यात गायन सुरू झाल्यावर मागे जे भरलं जातं ते ऐका, हात तिथे सापडतो.

प्रतिसाद २

वर उत्तम लिहिलंय. माझी भर एवढीच की लेबलवर (रेकॉर्ड कंपनीच्या नावावर) विसंबू नका, दोन्ही बाजूंनी.

एक, मोटाउनची मंडळी बाहेर चोरून वाजवायची. जॅकी विल्सनचं 'हायर अँड हायर' (१९६७) ब्रन्सविक लेबलचं, ध्वनिमुद्रण शिकागोत, आणि गिटार रॉबर्ट व्हाइटची! बेसवर मोटाउनचाच जेम्स जेमर्सन. दोन, मोटाउनचे काही ट्रॅक लॉस एंजेलिसला तिथल्या वादकांकडून व्हायचे, त्यामुळे लेबल मोटाउनचं आहे म्हणून वादक डेट्रॉइटचेच असतील असं नाही.

वाहवाह पेडल (गिटारचा सूर 'वाह-वाह' असा उघडमिट करणारं पायाचं यंत्र) ऐकू आलं तर या तिघांच्या मागे वेळ घालवू नका. 'क्लाउड नाइन' (१९६८) मधलं डेनिस कॉफीचं, 'पापा वॉज अ रोलिन स्टोन' (१९७२) मधलं मेल्विन रेगिनचं, ज्याचं नावच पुढे वाहवाह वॉटसन पडलं.

कागद हवा असेल तर वादक संघटनेची सेशनची करारपत्रं शोधा. त्यावर तारीख आणि हजर वादक असतात. फक्त तारीख जपून वापरा: वाद्यांचा ट्रॅक एका दिवशी आणि गायन नंतर कधीतरी, असा तिथला रिवाज होता. शिवाय सगळीच कामं संघटनेच्या कागदावर चढत नसत.

अवांतर: या वादकांवरच्या २००२ च्या माहितीपटात व्हाइटचा किस्सा आहे. हॉटेलात बसलेला असताना 'माय गर्ल' लागतं, तो वेटरला सांगायला तोंड उघडतो आणि न सांगता जेवण मागवतो. माहितीपट आला तेव्हा त्याला जाऊन आठ वर्षं झाली होती.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. 'हायर अँड हायर' मी यादीत शिकागोच्या वादकांखाली टाकणार होतो, बरं झालं विचारलं. आता टकटकीपुढे नाव न लिहिता गायनामागे वाजणारा भाग पुन्हा ऐकतो. आणखी एक: मोनो सिंगल आणि स्टिरिओ एलपी यांत गिटारची पातळी बरीच वेगळी वाटते. तिघांना वेगळं काढायला तुम्ही यातलं कोणतं धरता? हेडफोनवर डावी-उजवी बाजू बंद करून ऐकण्याचा फायदा होतो का?