मदत हवी आहे: कुत्र्याच्या मास्ट सेल ट्यूमरच्या (कातडीतली कॅन्सरची गाठ) ऑपरेशननंतर सिरोमा (कातडीखाली साठलेलं पाणी), आणि सांधेही आखडलेत

लॅब्रॅडॉर, वय 11, वजन 28 किलो. उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूची गाठ काढून आज सहावा दिवस. टाके 14व्या दिवशी काढायचे आहेत.

जखमेच्या खालच्या टोकाला लिंबाएवढी मऊ, हलणारी सूज आहे. लाली नाही, ऊब नाही, दुखत नाही, तापमान 38.6 सेल्सिअस, म्हणजे कुत्र्यासाठी नॉर्मल. डॉक्टरांच्या मते सिरोमा, आपोआप जिरेल. सुईने पाणी काढलं तर ते पुन्हा भरतं आणि जंतू आत जायची भीती, हे पटतं. पण कातडीखालचे थर एकमेकांवर घासत राहिले तर सूज वाढणार, म्हणून हालचाल कमी हवी. आणि हालचाल कमी केली की संधिवाताने मागचे पाय असे आखडतात की बिचाऱ्याला सकाळी उठताच येत नाही. खरा पेच इथेच आहे.

सध्या दिवसातून पाच वेळा, पाच-पाच मिनिटं, पट्टा लावून सपाट जागेवर चालवणं. फरशीवर रबरी मॅट. जखम चाटू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर चोवीस तास. मेलॉक्सिकॅम (सूज आणि दुखणं कमी करणारं औषध) 2.8 मिग्रॅ रोज एकदा, खाण्यानंतरच. या ट्यूमरमधून सुटणाऱ्या हिस्टामिन या रसायनामुळे पोटात अल्सर होऊ शकतो, त्यामुळे शी काळी होतेय का (आत रक्त जात असल्याची खूण) हे रोज पाहतो.

उठवताना पोटाखालून टॉवेल घेतला तर मांडीवरचे टाके ताणले जातात. मागच्या भागाला आधार देणारा हार्नेस अशा जखमेवर कुणी वापरलाय का? त्याचा पट्टा अंगाच्या नेमक्या कोणत्या भागाखालून घ्यायचा? गॅबापेंटिन (दुखण्यावरचं आणखी एक औषध) जोडून कुणाच्या म्हाताऱ्या कुत्र्याला फरक पडला का, की गुंगीने तोल जास्त गेला?