भाऊ हनफी, होणारी भावजय शाफई: नमाज, स्वयंपाक आणि निकाह यांत नेमका फरक काय?

प्रश्न – वेसकरी, सोलापूर
सोलापुरातील बहुतेक मुस्लिम कुटुंबांप्रमाणे आमचे घराणेही हनफी आहे, म्हणजे इमाम अबू हनीफा यांच्या धर्मशास्त्रीय परंपरेचे. धाकट्या भावाचा निकाह दापोलीच्या शाफई, म्हणजे इमाम शाफई यांची परंपरा मानणाऱ्या, घरात ठरला आहे. बोलणीसाठी आलेली मंडळी आमच्या मशिदीत मगरिबच्या (सूर्यास्तानंतरच्या) सामूहिक नमाजेत, म्हणजे जमातीत, उभी राहिली, तेव्हा त्यांनी रुकूला (कमरेत वाकायला) जाताना आणि उठताना हात उचलले, ‘आमीन’ही मोठ्याने म्हटले. नमाज संपताच दोन बुजुर्गांनी ‘हे कुठले पाहुणे?’ अशी विचारणा केली. हे फरक कशामुळे पडतात? असरची (दुपारनंतरच्या नमाजेची) वेळही वेगळी का? शिवाय सून घरात खेकडे रांधणार काय, ही अम्मीची चिंता आहे.

उत्तर – जुना विद्यार्थी
बुजुर्गांना सांगावे, की इमाम शाफई हे (मृत्यू इ. स. 820) मदिनेत इमाम मालिक यांच्याजवळ शिकले आणि पुढे इराकमध्ये इमाम अबू हनीफा यांचे शिष्य मुहम्मद अश-शैबानी यांच्याजवळही शिकले, म्हणजे हे घराणे तसे आपलेच आहे. दोन्हींचा आधार कुराण आणि हदीस (पैगंबरांची वचने व आचरण) हाच आहे. मतभेद पडतो तो कोणती हदीस प्रमाण मानावी आणि कियास (साधर्म्यावरून निष्कर्ष काढणे) कुठवर चालवावा यावर. हनफी फक्त नमाजेच्या आरंभी हात उचलतात आणि आमीन मनात म्हणतात, एवढेच. असरचे म्हणाल तर, माध्यान्हीची सावली वगळून वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली की शाफईंची असर सुरू होते, तर अबू हनीफांच्या मते ती दुप्पट व्हावी लागते. गंमत अशी, की त्यांचे थोर शिष्य अबू यूसुफ आणि शैबानी या बाबतीत एकपट सावलीच्याच बाजूचे आहेत, आणि हजला गेलेले आपले हनफी हाजी मक्केत त्याच लवकरच्या वेळी जमातीत उभे राहतात.

उत्तर – किनाऱ्यावरची
मी कोकणातलीच आहे. अरबी समुद्रावरच्या व्यापारातून आमच्याकडे शाफई परंपरा रुजली. आमच्याकडे तिसऱ्या (शिंपल्या), कोळंबी हलाल, खेकड्यावर मात्र शाफई उलेमांतच (धर्मपंडितांतच) मतभेद आहेत. हनफींच्या मते समुद्रातला केवळ मासा हलाल आहे, त्यामुळे खेकडा बाद होतो. कोळंबी मासा आहे की नाही, यावर हनफी उलेमांतही एकमत नाही. सुनेने आपल्यापुरते वेगळ्या पातेल्यात रांधले, तर अम्मींना हरकत नसावी. वजूचाही (नमाजेआधीच्या हातपाय-तोंड धुण्याच्या शुद्धीचाही) फरक लक्षात ठेवावा: शाफई मतानुसार पती-पत्नीच्या नुसत्या स्पर्शानेही वजू जातो, हनफी मतानुसार जात नाही, उलट वाहते रक्त आले तर हनफींचा वजू जातो, शाफईंचा टिकतो.

उत्तर – कोर्टाच्या पायरीवरून
वकिलीच्या निमित्ताने एक गोष्ट सांगतो. पती बेपत्ता झाला, तर जुन्या हनफी मतानुसार पत्नीला त्याच्या समवयस्कांच्या हयातीइतकी वाट पाहावी लागे. त्यामुळे अनेक स्त्रियांची आयुष्ये अडकून पडली, आणि हनफी उलेमांनीच मालिकी (इमाम मालिक यांच्या परंपरेच्या) मताचा आधार घेण्याचा मार्ग काढला. 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा त्याच वाटेने आला. त्यात चार वर्षे पतीचा ठावठिकाणा नसेल, तर पत्नीला न्यायालयाकडून विवाहविच्छेद मागता येतो. गरज पडली तेव्हा उलेमांनी दुसऱ्या इमामाचे मत उचलले, हे मला हात उचलण्याच्या वादापेक्षा कितीतरी महत्त्वाचे वाटते.

आता तुमच्या घरच्या कार्याविषयी. हनफी मतानुसार सज्ञान मुलगी स्वतः निकाह करू शकते, शाफई मतानुसार वली (मुलीच्या वतीने निकाह लावून देणारा पालक) आवश्यक आहे. साक्षीदारांत हनफींना एक पुरुष आणि दोन स्त्रिया चालतात, शाफईंना दोन पुरुषच लागतात. मुलीचे वडील वली म्हणून आणि दोन पुरुष साक्षीदार म्हणून बसवा. काजी कोणत्याही बाजूचा असला तरी निकाह दोन्हीकडे ग्राह्य ठरेल.